अ‍ॅम्प्लिफायर तापल्यावर गोड वाजतो, पण किती तापल्यावर?

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकाने सल्ला दिला होता, की कार्यक्रमाआधी तासभर अ‍ॅम्प्लिफायर चालू करून ठेवावा, म्हणजे आवाज गोड लागतो. आपल्याकडचे मांडववालेही हेच सांगतात, ‘अ‍ॅम्प तपना का गोड वाजस’. ही गोष्ट निम्मी खरी आहे. उरलेल्या निम्म्यापायी दर लग्नसराईत जळगाव-भुसावळपासून शिरपूर-शहाद्यापर्यंत दुरुस्तीच्या दुकानांत जळक्या ट्रान्झिस्टरांचा ढीग लागतो. आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गोडव्याचे कारण. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शेवटी एक जोडी असते, आपल्याकडे बहुतेक ५२०० आणि १९४३ या नंबरांची. आवाजाच्या लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर ढकलतो, खालचा अर्धा दुसरा ओढतो. पण ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी (बेस, कलेक्टर, एमिटर) बेसवर साधारण ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय तो उघडतच नाही. म्हणून गाणे वाजत नसतानाही दोघांना किंचित उघडे ठेवावे लागते, त्याला बायस म्हणतात. बायस कमी असेल तर एकाने सोडले आणि दुसऱ्याने अजून धरले नाही, अशी फट लहरीच्या मधोमध पडते. मोठ्या आवाजात ती लपून जाते. बारीक आवाजात मात्र तीच आधी कानाला टोचते, कारण लहर लहान झाली तरी फट तेवढीच राहते.

ती ऐकायची असेल तर डीजेचे गाणे लावू नका. वीणेचा किंवा तंबोऱ्याचा झंकार लावा, आवाज अगदी कमी करा आणि कान स्पीकरपासून हातभर अंतरावर आणा. तार छेडल्यावर झंकार विरत विरत शांत झाला पाहिजे. विरण्याऐवजी शेवटी तो खरखरला, जणू तारेला कागद लागला आहे, तर बायस कमी आहे. टाळांचा आवाज पत्र्यासारखा येतो आणि बुवांचा ‘स’ फाटतो त्यामागेही पुष्कळदा हेच असते, आणि लोक माइकला शिव्या देतात.

आता उष्णतेचा संबंध. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरला उघडायला लागणारा व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने घटतो. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना जो ट्रान्झिस्टर जेमतेम उघडत होता, तो पन्नाशीला पोहोचला की त्याच बायसवर चांगला उघडतो. फट भरते, खरखर जाते, आवाज गोड होतो. म्हणजे तासभर तापवल्यावर ज्याचा आवाज सुधारतो, त्या यंत्राचा बायस थंडीत अपुरा होता, एवढेच त्यातून कळते. नीट बसवलेल्या यंत्रात वीस-पंचवीस मिनिटांनी हीटसिंक (ट्रान्झिस्टर ज्यावर आवळतात तो उष्णता सोडणारा पात्यांचा धातू) स्थिरावला की पुढे कानाला कळण्यासारखा बदल होऊ नये. रात्रभर चालू ठेवणाऱ्यांचे फक्त वीजबिल वाढते.

ही झाली हिवाळ्याची बाजू. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४५ ला टेकतो आणि तोच २ मिलिव्होल्टचा नियम अंगावर उलटतो. हिशेब करून पाहा. समजा, एमिटर रेझिस्टन्स (प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या एमिटरला जोडलेले रोध) ०.२२ ओहमचे आहेत आणि २५ अंशांना एका जोडीतून ५० मिलिअ‍ॅम्पिअर वाहतील असा बायस लावला आहे. ट्रान्झिस्टर ६५ अंशांवर गेला आणि बायसचा व्होल्टेज मात्र जागचा हलला नाही, तर प्रत्येक ट्रान्झिस्टरला ८० मिलिव्होल्ट फुकटचे जास्त मिळाले. करंट ५० वरून २०० च्या वर जातो. चार जोड्यांचे यंत्र, रेल, म्हणजे त्याला वीज देणाऱ्या दोन डीसी वाटा, अधिक-उणे ६० व्होल्ट. म्हणजे गाणे वाजत नसताना आधी २४ वॉट उष्णता होत होती, ती आता शंभराच्या वर गेली. त्या उष्णतेने ट्रान्झिस्टर आणखी तापतो, आणखी उघडतो, आणखी तापतो. हे चक्र सुटले की मधल्या शांततेत, कोणी काही वाजवत नसताना, ‘फट्’ आवाज होतो आणि स्पीकरच्या कॉइलवर थेट रेलचा डीसी जातो. मग मालक म्हणतो, ‘काही वाजतच नव्हतं, तरी उडाला.’ तो खरेच बोलत असतो.

हे चक्र रोखायला एक छोटा ट्रान्झिस्टर दिलेला असतो, बहुधा बीडी१३९. तो बायसचा व्होल्टेज धरून ठेवतो आणि स्वतः तापला की तो कमी करतो. पण त्याला कळले तर! कितीतरी यंत्रांत तो बोर्डावरच उभा असतो, हीटसिंकपासून चार बोटे लांब. नाहीतर गोंदाने चिकटवलेला असतो आणि दोन उन्हाळ्यांत गोंद सुटून तारेवर लोंबकळतो. त्याला मायका (वीज अडवणारी अभ्रकाची पातळ पट्टी) आणि पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) लावून स्क्रूनेच आवळले पाहिजे. हीटसिंकच्या कोपऱ्यात, लांबच्या भोकात बसवून उपयोग नाही. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे शेवटच्या जोडीतल्याच्या, आतली सिलिकॉनची चकती सेकंदाच्या छोट्या भागात तापते, तर हीटसिंकला तापायला मिनिटे लागतात. बीडी१३९ ला बातमी उशिरा पोहोचते आणि तीही अर्धवट. रांगेतल्या मधल्या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या समोरच्या काळ्या प्लास्टिकवर, त्याच्याच लांब स्क्रूखाली तो बसवला तर बातमी सर्वांत लवकर पोहोचते. दिसायला ते विचित्र दिसते, पण काम चोख होते. ज्या सर्किटात ड्रायव्हर (आउटपुटला चालवणारा आधीचा ट्रान्झिस्टर) आणि आउटपुट ट्रान्झिस्टर एकमेकांना धरून उलट जोडीने चालतात, तिथे मात्र बायस ठरतो तो ड्रायव्हरच्या उष्णतेवर. तिथे बीडी१३९ ड्रायव्हरलाच चिकटवायचा. सर्किट न बघता सगळीकडे एकच रीत लावू नये.

बीडी१३९ च्या प्रीसेटबद्दलही, म्हणजे बायस कमी-जास्त करायच्या छोट्या फिरत्या रोधाबद्दलही, एक सांगायचे आहे. प्रीसेटची सरकती टोके धुळीने उचलली जातात. तो बेस आणि एमिटरच्या मधल्या शाखेत असेल तर टोक सुटल्यावर बायस शून्याकडे जातो, आवाज खरखरतो, पण यंत्र वाचते. तोच बेस आणि कलेक्टरच्या मध्ये असेल तर टोक सुटताच बायस पूर्ण चढतो आणि सगळी रांग एका दमात उडते. तयार बोर्ड आणताना एवढे तरी उलटून बघावे.

बायस लावण्याची रीत अशी. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर (यात यंत्राची वीज बल्बमधून जाते) १०० वॉटचा बल्ब लावूनच. प्रीसेट सर्वांत कमी बायसवर, स्पीकर काढलेला, इनपुट शॉर्ट. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका. आउटपुटवर डीसी मोजा, ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. मग सिरीज बल्ब काढून थेट वीज द्या आणि मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवून पांढऱ्या सिमेंटच्या एमिटर रेझिस्टन्सच्या दोन टोकांना लावा. प्रीसेट सावकाश फिरवत ०.२२ ओहमवर ६ ते ७ मिलिव्होल्ट आणा. इथे बहुतेक जण थांबतात आणि झाकण लावून गिऱ्हाइकाला देतात. खरे काम इथून सुरू होते.

झाकण लावा. अर्धा तास तसेच राहू द्या. पुन्हा मोजा, तारा जाळीतून बाहेर काढून ठेवल्या असतील तर झाकण उघडावे लागत नाही. आता १० ते १२ मिलिव्होल्टवर आणा, म्हणजे जोडीमागे ५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास. ०.३३ ओहम असेल तर १५, ०.४७ असेल तर २० मिलिव्होल्ट धरा. त्यानंतर डमी लोड (स्पीकरऐवजी जोडायचा मोठा रोध) लावून पंधरा मिनिटे मध्यम आवाजात वाजवा, संगीत एकदम बंद करा आणि काटा किंवा आकडा बघत बसा. बंद करताच आकडा चढलेला दिसेल, २० किंवा २५ सुद्धा, हरकत नाही. मिनिट-दोन मिनिटांत तो उतरून पुन्हा बाराच्या आसपास आला पाहिजे. न उतरता जागीच राहिला तर बीडी१३९ नीट चिकटलेला नाही. संगीत बंद असूनही सावकाश चढतच राहिला, तर ताबडतोब वीज बंद करा. हे यंत्र तुमच्याकडे उडाले नाही तर मांडवात उडेल.

ही परीक्षा दुपारी दोन वाजता करावी. दुकानातला कूलर बंद ठेवून. कूलरच्या थंड झोतात लावलेला बायस शेतातल्या मांडवात टिकत नाही.

पुस्तकी हिशेबाने एमिटर रेझिस्टन्सवर साधारण २५ मिलिव्होल्ट असताना दोन ट्रान्झिस्टरांचा सांधा सर्वांत गुळगुळीत होतो. घरात ऐकायच्या दोन जोड्यांच्या यंत्राला मी तेवढे नाही तरी १८-२० पर्यंत जरूर देईन. मांडवाच्या यंत्राला आपल्या हवेत १२ पुरेत. त्याहून वर नेल्याने गोडवा वाढत नाही. बायस फार झाला तरी दोघे एकत्र ओढतात तो टप्पा आणि एकटा ओढतो तो टप्पा यांत फरक पडून दुसरीच विकृती येते.

याच्या उलट टोकाला आपल्याकडचा एक रूढ इलाज आहे: सारखा उडतो ना, मग बायस शून्य करून द्या. यंत्र थंड राहते, उडत नाही, मेकॅनिकला कोणी बोलत नाही. डीजेवर ते खपूनही जाते, कारण तिथे आवाज कमी कधी होतच नाही. पण तेच यंत्र पुढच्या आठवड्यात हरिनाम सप्ताहाला जाते आणि कीर्तन फाटके ऐकू येते. यंत्र वाचवण्याचा हा मार्ग मला तरी मान्य नाही. बीडी१३९ जागेवर बसवला की बायस आणि यंत्र दोन्ही राहतात.

आणखी एक समज: पूर्ण आवाजात यंत्र सर्वांत जास्त तापते. तसे नाही. एकसारख्या सुरावर ट्रान्झिस्टरमधली उष्णता पूर्ण शक्तीच्या सुमारे ४० टक्क्यांवर सर्वांत जास्त असते. ६० व्होल्टच्या दोन रेलवर ८ ओहमच्या स्पीकरला ती कमाल ९१ वॉट, ४ ओहमला १८२, आणि ८ ओहमचे चार बॉक्स पॅरलल जोडून २ ओहम केले की ३६५ वॉट. गाणे म्हणजे एकसारखा सूर नव्हे, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमी येतो, पण प्रमाण तेच राहते. ‘आवाज निम्माच ठेवला होता’ ही सबब म्हणूनच चालत नाही. उन्हाळ्यात एका चॅनलवर ४ ओहमच्या खाली जाऊ नये.

५२०० च्या माहितीपत्रकावर १५० वॉट लिहिलेले असते, ते पाठीचा पत्रा २५ अंशांवर असताना. ७५ अंशांवर ९० वॉट उरतात, १०० अंशांवर ६०. आतल्या चकतीची मर्यादा १५० अंश. आता मायकाचा हिशेब बघा. हीटसिंक ८० अंश आणि एका ट्रान्झिस्टरवर ५० वॉट पडत असतील, तर पेस्ट लावलेला मायका दर वॉटला साधारण अर्धा अंश अडवतो, म्हणजे पाठ १०५ वर. चकतीपासून पाठीपर्यंत आणखी ०.८३ अंश दर वॉटला, म्हणजे चकती १४६ वर. जेमतेम वाचली. पेस्ट न लावता कोरडा मायका घातला तर तो एक अंश किंवा जास्तच अडवतो आणि चकती १७० च्या पुढे जाते. दोन चिमटी पेस्टसाठी अख्खी रांग जाते. पेस्टचा थर मात्र इतकाच पातळ, की त्यातून मायका दिसावा. पानाला चुना लावावा तसा थापला तर तोही उष्णता अडवतो. जुना मायका चिरला असेल तर बदला, आणि वीज देण्याआधी प्रत्येक कलेक्टर ते हीटसिंक मीटरने तपासा.

काही स्वस्त बोर्डांत मायका घालतच नाहीत; दोन वेगळे हीटसिंक ठेवून त्यांनाच रेलवर तरंगते सोडतात. थंड व्हायला ते उत्तम. पण दोन्हींवर एकेक हात पडला तर १२० व्होल्ट डीसीचा झटका बसतो. म्हणून ‘किती तापलंय’ ते बोटाने बघायचे तर आधी वीज बंद करा आणि फिल्टर कॅपॅसिटर उतरू द्या. बोट तीन-चार सेकंद टेकवता येत नसेल तर हीटसिंक साठीच्या पुढे गेला आहे.

डुप्लिकेट ट्रान्झिस्टरांचा त्रास सगळ्यांना माहीत आहे, कारण मात्र थोडेच बघतात. उडालेला ट्रान्झिस्टर फेकू नका, पकडीत धरून त्याचे काळे प्लास्टिक फोडा. अस्सल माल असेल तर आत हरभऱ्याच्या डाळीएवढी, ठळक दिसणारी चौकोनी चकती असते. नकली मालात ती तिच्या निम्म्याहून लहान, कधी तिळाएवढी निघते. तिला पाठीला टेकायला जागाच कमी, म्हणून ती उष्णता सोडू शकत नाही. वर छापलेल्या आकड्यांना अर्थ उरत नाही. एकाच रांगेत दोन अस्सल आणि दोन नकली घातले तर करंटही सारखा वाटला जात नाही.

आता पंखा. आपल्या भागात जिनिंगजवळच्या गावांत आणि कापूस घरात भरून ठेवलेल्या घरांत रुईचे बारीक तंतू हवेत असतात. पंख्याच्या जाळीवर आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये त्यांची गादी होते, धुळीहून वाईट, कारण ती ब्लोअरने सहज निघत नाही. दाढीच्या ब्रशने सुटी करून मग ब्लोअर मारा, आणि तेव्हा पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने भरधाव फिरवला तर बेअरिंग जाते. यंत्राच्या मागे-पुढे वीतभर मोकळी जागा हवी. टेम्पोत उन्हात उभ्या काळ्या पेटीत ते बंद करून वाजवणे म्हणजे भट्टीत बसवणेच. रात्री दहाला भोंगे बंद करायचेच असतात, तेव्हा संगीत थांबल्यावर पाच मिनिटे पंखे चालू ठेवून मगच मेन बंद करावे. लगेच गोधडीत गुंडाळून पेटीत टाकू नये. ७५-८० अंशांचा थर्मल कटआउट (तापल्यावर वीज तोडणारा स्विच) हीटसिंकवर बसवणे तर दीडशे-दोनशे रुपयांचेही काम नाही.

टीडीए२०३० सारख्या छोट्या आयसीत हा कटआउट आतच असतो; चकती १५० अंशांना गेली की आवाज जातो, थंड झाली की परत येतो. लोक मात्र वायर ढिली समजून दिवसभर जॅक हलवत बसतात.

फिल्टर कॅपॅसिटरलाही उष्णता मानवत नाही. दर १० अंशांना त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. ८५ अंशांचा, २००० तासांचा कॅपॅसिटर हीटसिंकला चिकटून ७५ वर राहिला तर ४००० तास, तोच ५५ वर राहिला तर १६,०००. आतला द्रव वाळला की हम (विजेची घरघर) सुरू होते आणि ढोलाच्या ठोक्याला आवाज दबतो. बदलायचाच असेल तर १०५ अंशांचा घ्या आणि हीटसिंकपासून दोन बोटे लांब बसवा.

एक गोष्ट यंत्राच्या माथी फुकट मारली जाते. तासाभराने आवाज बसला की ऑपरेटर म्हणतो, अ‍ॅम्प्लिफायर थकला. पुष्कळदा तापलेली असते ती स्पीकरची कॉइल. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो. ६ ओहमची कॉइल दोनशे अंशांच्या जवळ गेली की ती १० ओहमची होते आणि तितक्याच व्होल्टेजवर कमी शक्ती घेते. ऑपरेटर मग आवाज वाढवतो, कॉइल आणखी तापते, शेवटी वार्निशचा वास येतो. अशा वेळी आवाज कमी करून दहा मिनिटे दुसरा वक्ता बोलू द्यावा. लग्नात नाहीतरी एखादे पुढारी असतातच.

बोर्ड बनवणाऱ्यांना आणि जोडणी करून विकणाऱ्यांना एक मागणी आहे. मागच्या पट्टीवर ‘१००० वॉट’ मोठ्या अक्षरांत छापता, त्याच पट्टीवर एमिटर रेझिस्टन्सवर किती मिलिव्होल्ट ठेवायचे आणि किती अंशांच्या हवेत यंत्र तपासले, हे दोन आकडे छापा. आज कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणचा मेकॅनिक हे आकडे अंदाजाने लावतो, आणि डिसेंबरमध्ये लावलेला अंदाज एप्रिलमध्ये चुकतो. ज्यांची यंत्रे हिवाळ्यात दुरुस्त झाली आहेत, त्यांनी आखाजीच्या आधी एका दुपारी मीटर लावून बारा मिलिव्होल्ट बघून घ्यावेत.

आपला,
ध्वनियंत्रणा दुरुस्त करणारा एक वाचक,
भुसावळ